बाळ कोणाकडे असतं?

नोकरी करणाऱ्या स्त्रीला मूल झाले आणि ती पुन्हा कामावर रुजू झाली, की लिफ्टमध्ये, लोकलच्या महिला डब्यात, लग्नाच्या पंगतीत आणि कार्यालयातल्या चहाच्या यंत्रापाशी तिला एकच प्रश्न विचारला जातो : "बाळ कोणाकडे असतं?" या प्रश्नात कुतूहल, काळजी, सहानुभूती आणि किंचित पोलिसी चौकशी यांचे प्रमाण माणसागणिक बदलत असले, तरी त्याची शब्दरचना मुलुंडपासून मिरजेपर्यंत बदलत नाही. त्याच दिवशी त्याच बाळाचा पिता आपल्या कार्यालयात पोचतो, तेव्हा त्याच्याकडे पेढे मागितले जातात, "झोप मिळते का रे?" असे डोळे मिचकावत विचारले जाते, पण बाळ सध्या कुठे आहे याचा तपास त्याच्याकडे कोणी करीत नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते आणि ते उत्तर म्हणजे बाळाची आई. आता ते उत्तरच जर पर्स सावरत लिफ्टमध्ये उभे असेल, तर घरी उत्तराची जागा रिकामी पडते, आणि त्या रिकाम्या जागी सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात या वेळात कोणाला बसवायचे, हा प्रस्तुत विषयाचा गाभा होय.

या विषयावर अधिकारवाणीने बोलणारे पुष्कळ आहेत आणि पंचाईत अशी, की ते सगळेच बरोबर आहेत. कायदा आठवड्यांत मोजतो, बालरोगतज्ज्ञ महिन्यांत मोजतात, मानसशास्त्रज्ञ मिनिटांत, कार्यालय तिमाहीत आणि आजी दातांत, म्हणजे "दोन दात येऊ देत, मग ठेव पाळणाघरात" अशा परिमाणात. या सर्व कालगणनांचा मेळ दात्यांच्या पंचांगातही सापडत नाही. तो रोज पहाटे साडेपाचला, कणीक भिजवता भिजवता, एकाच स्त्रीच्या डोक्यात घालावा लागतो.

यांपैकी कायदा सर्वांत उदार आणि म्हणूनच सर्वांत गोंधळात टाकणारा. 1961 च्या प्रसूती लाभ अधिनियमात 2017 मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी, की बाळाला पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान द्यावे, म्हणजे आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही देऊ नये. सहा महिने म्हणजे सुमारे 26 आठवडे, हे पाहता दिल्ली आणि जिनिव्हा यांनी आपसांत ठरवूनच हा आकडा काढला असावा असे वाटते. मात्र हा मेळ टिकण्यासाठी स्त्रीने शुक्रवारी संध्याकाळी कामाचा संगणक बंद करून शनिवारी सकाळी प्रसूत होणे आवश्यक असते. या रजेतील आठ आठवड्यांपर्यंतचा भाग प्रसूतीपूर्वी घेता येतो, आणि रक्तदाब वाढल्यामुळे किंवा पाय सुजल्यामुळे डॉक्टरांनी चार आठवडे आधीच विश्रांती सांगितली, तर बाळाच्या वाट्याला 22 आठवडे, म्हणजे जेमतेम पाच महिने उरतात. उरलेला एक महिना कोणत्या खात्यात घालायचा, याविषयी कायदा आणि आरोग्य संघटना दोघेही मौन पाळतात.

तो महिना भरून काढण्यासाठी दूध काढून ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. पंप नावाचे एक घरघरणारे उपकरण, झाकणाच्या बाटल्या, बर्फाच्या पिशव्या आणि बंद होणारे दार अशी या पद्धतीची सामग्री असून त्यांपैकी पहिल्या तीन वस्तू बाजारात मिळतात. चौथ्या वस्तूसाठी कार्यालयात शोधाशोध करावी लागते. स्वतंत्र खोलीची व्यवस्था असलेली कार्यालये आहेत, हे मान्य करायला हवे. परंतु बहुसंख्य ठिकाणी हा विधी जुन्या फायलींच्या कोठीत, बैठकांच्या दोन आरक्षणांमधल्या फटीत किंवा प्रसाधनगृहात उरकावा लागतो, आणि कोठीच्या दारावर बाहेरून कोणी टकटक केली तर आतून नेमके काय सांगावे याचे शिष्टसंमत उत्तर मराठीत अजून तयार व्हायचे आहे. काढलेले दूध मग कार्यालयाच्या सामायिक फ्रिजमध्ये, कोणाच्या तरी परवाच्या पुलावाशेजारी ठेवले जाते. बाटलीवर नाव लिहिले तर लोक हसतात आणि न लिहिले तर चहावाला मामा ते चहात घालण्याचा संभव असतो. या पेचातून "कृपया चहासाठी वापरू नये" अशी चिठ्ठी जन्माला येते, जिच्यामुळे सहकाऱ्यांचे कुतूहल शमण्याऐवजी अधिकच वाढते.

कायद्याने आणखी दोन सोयी केल्या आहेत. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची व्यवस्था करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, ही एक. आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोन स्तनपान-विराम द्यावेत, ही दुसरी. पहिली सोय अस्तित्वात नसेल तेव्हा दुसरी फार मनोरंजक होते. नरिमन पॉइंटला काम करणाऱ्या आणि डोंबिवलीत बाळ ठेवलेल्या स्त्रीने हा विराम घ्यायचे मनावर घेतलेच, तर विराम संपेल तेव्हा ती फार तर मशीद बंदरला पोचलेली असेल.

कायद्याची धाव जिथे संपते तिथे आजी ही संस्था सुरू होते. ही संस्था विनावेतन चालते, तिला घटना नाही, पण नियम भरपूर आहेत आणि ते बदलण्याची तरतूद नाही. आजी आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यातील मतभेदाचे सर्वांत जुने क्षेत्र म्हणजे बाळगुटी. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, सुंठ, हिरडा, बदाम, खारीक आदी जिन्नस सहाणेवर मोजके वेढे उगाळून जे चाटण दुधातून दिले जाते त्याला गुटी म्हणतात, आणि सहा महिने पाणीही न देण्याच्या वैद्यकीय नियमात ती बसत नाही. आई घरी असती तर या प्रश्नावर समोरासमोर वाद झाला असता. आई कार्यालयात असल्यामुळे वाद होत नाही, फक्त पुरावा उरतो : संध्याकाळी झबल्याच्या गळ्याशी दिसणारा हळदीचा पिवळा डाग. तो डाग आईला दिसतो, आईला दिसला हे आजीला दिसते, आजी लगेच "आज पोट अगदी साफ झालं हो" एवढेच म्हणते, आणि कार्यालयात वीस जणांच्या चुका त्यांच्या तोंडावर दाखवणारी ही स्त्री काही न बोलता झबले धुवायला टाकते. कारण उद्या सकाळी आठ वाजता तिला बाळ याच हातांत द्यायचे असते. फिरून आजीचेही चुकत नाही. जिने चार मुले गुटीवर वाढवली आणि त्यांतला एक मुलगा आता स्वतःच बाप होऊन समोर बसला आहे, तिला तिच्या पद्धतीचा परिणाम रोज डोळ्यांसमोर चालताबोलता दिसत असतो. त्या परिणामाला अजून स्वतःचा टॉवेल सापडत नाही, हा भाग वेगळा.

आज्या दोन असतात आणि त्यामुळे त्यांची आलटून पालटून नेमणूक करता येते. सांगलीची आई तीन महिने आणि नाशिकच्या सासूबाई तीन महिने, अशी ही रचना असते. सत्तांतराच्या आठवड्यात दोघी एकत्र आल्या तर बाळाला टोपडे घालावे की नको या विषयावर उभय पक्षांत अत्यंत गोड शब्दांत चर्चा होते. अमेरिकेतील मराठी घरांत याच पद्धतीला आंतरराष्ट्रीय स्वरूप येते. तेथील 1993 च्या संघराज्य कायद्याने पात्र कर्मचाऱ्यांना मिळणारी रजा 12 आठवड्यांची आणि तीही बिनपगारी, तर पर्यटक व्हिसावर येणाऱ्या आजीला साधारणपणे एका खेपेस सहा महिने राहता येते. साहजिकच न्यू जर्सीतल्या बाळाचे पहिले वर्ष दोन आज्यांच्या विमान तिकिटांवर तोलले जाते आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याला सहाणेचा दगड व मेतकुटाची पिशवी यांचा परस्परसंबंध समजावून सांगण्याचे काम सत्तरीच्या बाईंवर येऊन पडते.

आजी नसेल, किंवा असूनही तिचे गुडघे नसतील, तेव्हा मावशी ठेवावी लागते अथवा पाळणाघर शोधावे लागते. पाळणाघर या नावाखाली एकीकडे कॅमेरे, रंगीत गाद्या आणि इंग्रजी नाव असलेली संस्था येते, तर दुसरीकडे त्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या काकूंचा हॉल येतो, जिथे सहा मुले, एक घसरगुंडी आणि दुपारी मऊ भात असतो. पहिल्या ठिकाणी आईला दिवसभर मोबाइलवर बाळ पाहता येते, हा त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष. कारण आवाज नसलेल्या त्या चित्रात बाळ कोपऱ्यात पाठ करून बसलेले दिसले, की विक्रीच्या आकड्यांवरील संपूर्ण सादरीकरण त्या पाठीकडे बघत पार पडते. काकूंच्या घरी कॅमेरा नसतो. तिथे फोन केला तर "अगं, मस्त खेळतोय, तू काम कर" असे उत्तर मिळते, त्याच वेळी मागून कोणाचे तरी रडणे ऐकू येते, आणि ते रडणे आपल्याच बाळाचे आहे की दुसऱ्याच्या, याचा निवाडा आईला अर्ध्या सेकंदात करावा लागतो. तो बहुधा अचूक असतो.

मावशींच्या बाबतीत एक गोष्ट सहसा विचारली जात नाही. "बाळ कोणाकडे असतं?" या प्रश्नाला "मावशी आहेत" हे उत्तर मिळाल्यावर विचारणाऱ्याचे समाधान होते, त्या मावशींचे बाळ कोणाकडे असते, हे त्याला सुचत नाही. ते त्यांच्या आईकडे गावाला किंवा दहा वर्षांच्या मोठ्या मुलीकडे असते, आणि दहा माणसांहून कमी असलेल्या घर नामक आस्थापनेत काम करीत असल्याने 26 आठवड्यांचा तो कायदा त्यांच्या वाटेला जात नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात काम करताना ही गाठ नेमकी ओळखली होती : धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून थोरली पोर शाळेत येत नाही, तेव्हा थोरलीच्या शाळेला जोडूनच धाकट्यासाठी पाळणाघर हवे. इतके सरळ उत्तर नंतरच्या काळात उंच काचेच्या इमारतींनाही सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

आता प्रत्यक्ष निघण्याच्या क्षणाकडे वळता येईल. आईने घरातून बाहेर कसे पडावे, याविषयी दोन संप्रदाय आहेत. पहिला गुप्तगमनवादी, त्याच्या मते बाळाला गॅलरीत कबुतर दाखवायला न्यावे आणि तेवढ्यात आईने चपला हातात घेऊन जिन्याने पसार व्हावे. दुसरा टाटावादी, त्याच्या मते बाळाला सांगूनसवरून, हात हलवून, प्रामाणिकपणे निघावे, मग त्याने भोकाड पसरले तरी चालेल. बालमानसशास्त्राचा कल दुसऱ्याकडे आणि शेजाऱ्यांचा पहिल्याकडे असतो. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी वस्तू-स्थायित्व नावाची कल्पना मांडली. तिचा अर्थ असा, की नजरेआड झालेली वस्तू नाहीशी न होता कुठेतरी असतेच, हे ज्ञान बाळाला जन्मतः नसते आणि ते साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास येऊ लागते. त्यापूर्वी आई दाराबाहेर गेली की विषय संपतो. त्यानंतर मात्र आई कुठेतरी आहे आणि तरीही इथे नाही, असा साक्षात्कार बाळाला होतो आणि ते दारावर डोके आपटू लागते. रजा संपते सहाव्या महिन्याच्या आत. बाळ निमूटपणे आजीकडे जाऊ लागते. "किती शहाणं बाळ आहे" अशी प्रशंसा होते. आई नव्या कामाची जबाबदारी हौसेने अंगावर घेते. आणि नेमक्या त्याच सुमारास बाळाच्या बुद्धीची वाढ होते.

मेरी एन्सवर्थ या संशोधिकेने बाल्टिमोर येथे एक प्रयोग केला, ज्याला 'अपरिचित प्रसंग' म्हणतात. साधारण वर्षाच्या बाळाला अनोळखी खोलीत ठेवायचे, आईने बाहेर जायचे, काही वेळाने परत यायचे आणि ती परतल्यावर बाळ काय करते ते टिपून घ्यायचे, असा तो प्रयोग. त्यातील प्रत्येक वियोगाची मर्यादा होती तीन मिनिटे, आणि बाळ फारच रडले तर तेवढीही नाही. मध्य रेल्वेवर हा प्रयोग रोज अकरा तासांचा होतो व नोंदी घ्यायला कोणी नसते. तथापि एन्सवर्थ यांचे एक निरीक्षण अत्यंत मोलाचे आहे : आई जाताना बाळ किती रडले यापेक्षा ती परतल्यावर ते कसे वागले, हे अधिक सांगून जाते. या निरीक्षणाची प्रचिती काकूंच्या दारात दररोज संध्याकाळी येते. दिवसभर वरणभात खाल्लेले, दोन तास झोपलेले, दुसऱ्याच्या गाडीवरही हक्क न सांगितलेले मूल दारात आई दिसताक्षणी ओठ काढते, जमिनीवर पसरते आणि जणू सकाळपासून छळ सोसला अशा सुरात रडू लागते. काकू निष्पापपणे म्हणतात, "बघ ना, दिवसभर अगदी शहाण्यासारखा होता हो. तुला बघितलं आणि सुरू झाला." या वाक्याइतका गुणकारी टोमणा मराठीत दुसरा नसेल, आणि काकूंच्या मनात टोमणा मारण्याचा हेतूही नसतो. ज्याच्यापाशी तक्रार केली तर ती ऐकली जाईल त्याच्यासाठी मूल आपली दिवसभराची तक्रार राखून ठेवते, ही शास्त्रीय उपपत्ती आईने कुठेतरी वाचलेली असते. पण डबा, दप्तर, ओले लंगोट आणि पाठीला बाक देऊन ताठ झालेले मूल एकाच वेळी उचलताना ती आठवत नाही.

मराठी परंपरेत या विषयाचा मूळ दाखला रायगडावरचा आहे. दूध घालायला गडावर गेलेली हिरकणी नावाची गवळण कोजागिरीच्या दिवशी अडकून पडली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनी नियमावर बोट ठेवले आणि घरच्या तान्ह्या बाळाच्या ओढीने ती अंधारात कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधवला, आज एस. टी. स्थानकांवर स्तनपानासाठी राखलेल्या खोल्यांनाही हिरकणी कक्ष म्हणतात. दिवसभर तिचे बाळ कोणाकडे होते, याचा उल्लेख ही कथा सांगणारे फारसा करीत नाहीत, आणि लिफ्टमधल्या कोणी त्यांना तो विचारलेलाही नाही. दुर्गरक्षणाच्या दृष्टीने बुरुजाचा निर्णय बिनचूक होता, कारण जिथून एक बाई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो. आजच्या आस्थापनांना असा कोणताही कडा राखायचा नसतो, तरीही त्यांनी या कथेतून नेमका बुरूजच उचलला आहे. 8 मार्चला गुलाबाचे फूल आणि आधुनिक हिरकणी असे लिहिलेला कप देतात, त्या कपासह छायाचित्र काढतात, आणि सव्वासहाची बैठक सव्वासहालाच ठेवतात. काकूंकडे सातनंतर जादा आकार पडतो, हे बैठक बोलावणाऱ्याला ठाऊक नसते.

ताप हा या व्यवस्थेचा कस पाहणारा प्रसंग. तो नेहमी रविवारी रात्री चढतो. घरात त्याचे निदान "दात येताहेत" असे होते, आणि हे निदान जुलाब, चिडचिड, सर्दी, निद्रानाश अशा कोणत्याही लक्षणाला वयाच्या दोन वर्षांपर्यंत लागू पडते. सकाळी औषध पाजल्यावर अंग गार लागते, आणि ते काकूंच्या घरी दुपारी बारापर्यंत गार राहील का, या एका अंदाजावर घरातल्या दोन नोकऱ्या तोलल्या जातात. रजा कोणी घ्यायची, यावर चर्चा होते आणि ती अत्यंत समतावादी असते. फक्त तिचा निष्कर्ष ठरलेला असतो. शासनानेही या निष्कर्षाला हातभार लावला आहे. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली, ही खरोखर चांगली गोष्ट. पुरुषांना ती मिळते, पण पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. म्हणजे पित्याने बाळ सांभाळण्यासाठी मातेला केवळ नोकरीला जाणे पुरेसे नाही, तिला त्याहून बरेच पुढे जावे लागते.

पित्यांची नवी पिढी आळशी नाही, हेही नोंदवले पाहिजे. हा पिता लंगोट बदलतो, अंगाई म्हणतो, रविवारी मुलाला पोटाशी बांधून बागेत फिरवतो, आणि बागेतल्या आज्या त्याच्याकडे पाहून गहिवरतात. त्याच्याकडे हात असतात, माहिती नसते. जादा पँट कोणत्या खणात आहे, नवव्या महिन्याची लस झाली की राहिली, नाचणीचे सत्त्व किती चमचे, मूल कोणत्या वाटीतून खाते आणि कोणत्या वाटीतून थुंकते, हा सारा दप्तरखाना आईच्या डोक्यात असतो आणि त्याची प्रत निघत नाही. म्हणून भर बैठकीत तिचा फोन थरथरतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात : "निळी टोपी कुठे आहे?" टोपी बहुधा त्याच्या हाताशीच, खुर्चीच्या पाठीवर असते, आणि खुर्चीपासून तीस किलोमीटरवर बसलेल्या स्त्रीला ते पाठ असते.

अडीच वर्षांचे मूल खेळवर्गात जाऊ लागले, की आता सुटलो असे वाटण्याचा अल्प काळ येतो. त्यानंतर मंगळवारी रात्री साडेनऊला पालकांच्या गटावर बाईंचा संदेश येतो, की उद्या 'भाज्यांचा दिवस' असून आपल्या पाल्यास वांगे बनवून पाठवावे. पालक हा शब्द उभयलिंगी असला, तरी संदेश वाचून उठते एकच व्यक्ती. जांभळा कागद घरात नसतो, दुकाने बंद झालेली असतात, हिरव्या देठासाठी जुने मोजे मिळतात, पण अंगाचे काय करायचे हा प्रश्न पावणेअकरापर्यंत सुटत नाही. पावणेअकराला कपाटातून पित्याचा लग्नातला जांभळा रेशमी कुर्ता बाहेर निघतो. पिता झोपलेला असतो, त्यामुळे कात्री चालवण्यापूर्वी त्याची संमती घेता येत नाही. ती गृहीत धरली जाते.